दोनशे बत्तिसावा फोटो

१

बाबांच्या एकसष्ठीचे फोटो बिघडल्याचं मला त्या रविवारी संध्याकाळी सहा वाजता कळलं, आणि साडेसहाला ते कुणी बिघडवले हे ठरवून मी मोकळाही झालो होतो. इतक्या घाईने मी आयुष्यात दुसरा कुठलाच निर्णय घेतलेला नाही.

बाबा म्हणजे माझे सासरे, गुणवंतराव माने. सांगलीच्या एसटी डेपोतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. सासूबाई गेल्यावर दोन वर्षं ते घराबाहेर पडायलाच तयार नव्हते. शेवटी माझ्या बायकोने, विभाने, हट्ट करून त्यांना दीड महिन्यासाठी आमच्याकडे जपानला, टोकियोजवळच्या ग्योतोकुला आणलं. २००७ चा ऑक्टोबर. मी तेव्हा एका बँकेच्या सॉफ्टवेअरवर काम करत होतो. एकसष्ठीसाठी आम्ही स्टेशनजवळचं कोमिनकान, म्हणजे तिथलं सार्वजनिक सभागृह, घेतलं होतं. निरांजनं लावायला तिथल्या व्यवस्थापकाने परवानगी दिली ती शेजारी पाण्याची बादली ठेवायच्या अटीवर. चाळीसेक माणसं आली होती.

फोटो मी काढले. चार महिन्यांपूर्वीच डीएसएलआर घेतला होता आणि त्याला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, हे मी घरात सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. समारंभात कॅमेऱ्यामागच्या छोट्या पडद्यावर सगळे फोटो चांगले दिसत होते. घरी येऊन कॉम्प्युटरवर मोठे करून पाहिले, तर औक्षणापासून पुढचा एकही फोटो धड नव्हता. बाबांचा फेटा, शाल, कपाळावरचं कुंकू, सगळं होतं. चेहरा मात्र ओल्या काचेतून पाहावा तसा. त्यांच्यामागच्या कापडी पडद्याची वीण तेवढी मोजता येईल इतकी स्पष्ट. असे एकशे चौदा फोटो.

मी विलासला फोन केला. विलास माझ्याच ऑफिसातला, समारंभात वाढप्यांचं बघत होता. मी जेवणाचे डबे घ्यायला स्टेशनवर गेलो तेव्हा वीस-पंचवीस मिनिटं कॅमेरा हॉलमधल्या टेबलावर होता. त्या वेळात त्याला कुणी हात लावला का, असं मी विचारलं. त्याने थोडा विचार करून सांगितलं की स्वप्नाच्या हातात त्याने तो पाहिला होता.

स्वप्ना ही देवदत्तची बायको. देवदत्त माझ्या टीममध्ये नवा होता. दोघं नाशिकहून येऊन तीन महिने झाले होते.

मी देवदत्तला फोन केला नाही, स्वप्नाला केला नाही. इथल्या मराठी मंडळाच्या ईमेल ग्रुपवर त्रेचाळीस कुटुंबं होती, तिथे मेल टाकली. नाव घेतलं नव्हतं, पण गरजच नव्हती. मेल पाठवून झाल्यावर विभाला सांगितलं. ती बाबांच्या गोळ्या काढत होती. “पाठवलीस?” एवढंच ती म्हणाली आणि पलंगाच्या कडेवर बसली. फोटो गेल्याचं दुःख झालं असेल, असं मी समजलो.

२

सोमवारी देवदत्त ऑफिसात माझ्याशी कामापुरतं बोलला. मंगळवारी तेवढंही नाही. स्वप्ना तोवर रोज सकाळी बाबांना एदोगावा नदीच्या काठाने फिरायला नेत असे, कारण विभा नोकरीला जायची आणि स्वप्नाला अजून कुठे काम मिळालं नव्हतं. तीही यायची बंद झाली. बाबांनी दोनदा विचारलं, मी दोनदा विषय बदलला.

शनिवारी मी कॅमेरा घेऊन अरुणाताईंकडे गेलो. त्या शेजारच्या इमारतीत राहायच्या. पन्नाशीच्या, साताऱ्याला कॉलेजात फिजिक्स शिकवलेलं. यजमानांबरोबर जपानला आल्यावर पहिली काही वर्षं त्या कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, बाइतो, म्हणजे तासांवरचं काम, करत होत्या. पुढे भाषा आली, तशी कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये आलेला माल तपासायचं काम मिळालं. बिघाड कसला आहे हे ओळखून चिठ्ठी लावायची, ही त्यांची नोकरी. समारंभाच्या रविवारी त्यांची पाळी होती, म्हणून त्या आल्या नव्हत्या. मेल मात्र त्यांनी वाचली होती.

मला वाटलं होतं, त्या कॅमेरा ठेवून घेतील आणि मंगळवारी बाबांच्या विमानाआधी तो नीट होऊन येईल. त्या म्हणाल्या, दुरुस्तीचं नंतर बघू, आधी कार्ड आणि लॅपटॉप आण.

त्यांनी दोनशे फोटो शांतपणे पाहिले. मग मला विचारलं की भिंग हाताने फिरवायच्या खटक्यावर राहून गेलं होतं का. मी म्हटलं, असेल, स्वप्नाने तोच खटका हलवला असणार.

“नाही,” त्या म्हणाल्या. “खटका हलला असता तर भिंग एकाच अंतरावर अडकून राहिलं असतं. इथे बघ. बाबा जवळ आहेत तेव्हा त्यांच्या मागची समई स्पष्ट आहे. बाबा लांब बसलेत तेव्हा मागचा पडदा स्पष्ट आहे. कॅमेरा प्रत्येक वेळी नेम धरतोय. प्रत्येक वेळी थोडा मागे मारतोय.”

मग त्यांनी थंड चहाच्या पाच बाटल्या टेबलावर तिरप्या रांगेत मांडल्या, कॅमेऱ्यात स्वतःचं कार्ड घालून तो स्टँडवर लावला आणि मधल्या बाटलीवर फोकस करून फोटो घेतला. लॅपटॉपवर तो मोठा केला. तिसऱ्या बाटलीवरची अक्षरं विरघळली होती. चौथीवरची वाचता येत होती. माझ्याकडचं दुसरं भिंग लावून पुन्हा घेतला. पुन्हा चौथीच.

भिंगाचा दोष असता तर भिंगाबरोबर गेला असता, असं त्यांनी समजावलं. म्हणजे दोष आत आहे. मोठ्या आरशामागे एक नखाएवढा आरसा असतो. तो थोडा प्रकाश खाली पाठवतो, आणि त्यावरून कॅमेरा अंतर ठरवतो. कॅमेरा पडला की तो आरसा केसभर सरकतो. बाहेरून काहीच दिसत नाही. आणि कॅमेऱ्याला वाटत राहतं की आपलं बरोबर आहे.

“म्हणजे पाडलाच तिने,” मी म्हणालो.

अरुणाताई उत्तर न देता कॅमेरा उलटा करून पाहत होत्या. चिमट्याने त्यांनी बॅटरीच्या झाकणाच्या फटीतून काहीतरी ओढून काढलं आणि पांढऱ्या कागदावर ठेवलं. पिवळट हिरवी, बोटाच्या पेराएवढी काडी.

“तुझं टेबल कुठे होतं म्हणालास?”

हॉलमध्ये, मी म्हणालो. हॉलला लिनोलियम होतं.

“ही तातामीची काडी आहे, गवती चटईची,” त्या म्हणाल्या. “कॅमेरा हॉलमध्ये पडलेला नाही.”

३

कोमिनकानमध्ये हॉलला लागून एक तातामीची खोली होती. बाबांना विश्रांतीसाठी ती दिली होती. बायका तिथेच साड्या नीट करत होत्या, ताटं मांडत होत्या. एकूण सगळेच आत-बाहेर करत होते. माझं म्हणणं तसंच राहिलं: स्वप्नाने कॅमेरा तिकडे नेला आणि पाडला.

अरुणाताईंनी विलासला बोलावून घेतलं. तो जवळच राहायचा, आला. आपल्या शब्दावर एवढं काही घडलं याने तो अवघडलेला होता. मेल टाकशील असं वाटलं नव्हतं, हे तो माझ्याकडे न बघता म्हणाला. अरुणाताईंनी त्याला चहा दिला आणि सगळं पहिल्यापासून विचारलं. स्वप्ना कुठे उभी होती, कॅमेरा कसा धरला होता, कुठून कुठे जात होती.

विलासने आठवून सांगितलं की तातामीच्या खोलीचं दार सरकवून ती बाहेर आली. कॅमेरा तिने दोन्ही हातांत धरला होता, भरलं ताट नेतात तसा. टेबलापाशी येऊन तिने तो अगदी मध्यावर ठेवला, पट्टा वर उचलून ठेवला आणि परत आत गेली.

“तू तिला कॅमेरा टेबलावरून उचलताना पाहिलंस?”

नाही, ते त्याने पाहिलं नव्हतं.

“मग तू तिला कॅमेरा घेताना पाहिलं नाहीस. परत ठेवताना पाहिलंस.”

विलासने मान डोलावली. त्याने फोनवर मला सांगितलेला शब्द न् शब्द खरा होता. पुढची सगळी गोष्ट मी माझ्या मनाने जोडली होती.

तो गेल्यावर अरुणाताईंनी पुन्हा फोटो उघडले, या वेळी नुसती नावांची यादी. प्रत्येक फोटोला कॅमेरा क्रमांक देतो. दोनशे एकतिसावा फोटो अकरा वाजून अठरा मिनिटांचा होता, रांगोळीचा, लख्ख. त्यानंतरचा अकरा बावन्नचा, औक्षणाचा, बिघडलेला. त्याचा क्रमांक होता दोनशे तेहेतीस.

“मधला कुठे गेला?” त्यांनी विचारलं.

त्या दिवशी मी एकही फोटो पुसला नव्हता.

४

पुसलेला फोटो कार्डावरून लगेच जात नाही, नवे फोटो आधी पुढच्या मोकळ्या जागेत जातात, हे मला माहीत होतं. मी पोटासाठी असल्याच गोष्टी करत होतो. कार्ड नुसतं कॉपी करून तसंच ठेवलं होतं, फॉरमॅट केलं नव्हतं. अरुणाताईंच्या वर्कशॉपमध्ये पुसलेले फोटो परत काढायचा एक प्रोग्रॅम वापरत. तो त्यांनी चालू केला. पट्टी सावकाश सरकत होती. तेवढ्या वेळात त्यांनी मला एक गोष्ट विचारली: ज्याने कॅमेरा पाडला, त्याने फोटो कशाला पुसावा? पडल्याची खूण फोटोत नसते.

“घाबरून,” मी म्हणालो.

“फोटोवरून तो कुणी काढला ते कळत असेल, तरच पुसेल,” त्या म्हणाल्या.

फोटो उघडला. अकरा वाजून एकतीस मिनिटं.

पूर्ण स्पष्ट फोटो होता. तातामीची खोली, सरकत्या दारातून येणारा उजेड. समोर विभा, मोरपंखी पैठणीत, किंचित वाकलेली, एक हात पुढे केलेला. ती हसत होती. पाच वर्षांच्या संसारात मी तिचे शेकडो फोटो काढले असतील, त्यांतल्या एकातही ती अशी हसलेली नाही. तिच्यामागे, दारातून आत येताना, स्वप्ना. दोन्ही हातांवर घडी घातलेला गुलाबी कपडा. ती थेट भिंगाकडे बघत होती.

मी फोटो मोठा करून पुन्हा पाहिला. फोटो स्वप्नाने काढलेला नव्हता, कारण ती फोटोत होती. त्याच्या नंतर कॅमेरा पडला होता. तो कुणाच्या हातून पडला हे तिने पाहिलेलं होतं. आणि एक आठवडा, सगळं ग्योतोकु तिच्याकडे बोट दाखवत असताना, ती ते बोलली नव्हती.

५

रविवारी सकाळी आम्ही दोघं तिच्याकडे गेलो. मला जायचं नव्हतं. अरुणाताई म्हणाल्या, फोटो तुझ्या कार्डावरचा आहे, तर तूच चल.

देवदत्तने दार उघडलं. आत दोन खोकी अर्धी भरलेली होती. स्वप्ना महिनाभर नाशिकला जाऊन येणार आहे, असं तो म्हणाला. परतीचं तिकीट काढलंय का, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

स्वप्नाने पाणी आणलं. अरुणाताईंनी लॅपटॉप उघडून तिच्यासमोर ठेवला. तिने फोटोकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावरचा रंग बदलला.

“हा पुसला होता ना?” तिच्या तोंडून निघून गेलं.

अरुणाताईंनी आवाज न चढवता विचारलं की तू कुणाकडे बघते आहेस. स्वप्नाने नाही म्हणून मान हलवली. पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाली, “ताई, माझ्यावर येऊन झालंय ते. आता दुसऱ्या कुणावर नको.” देवदत्त तिला म्हणाला की अगं, सांगून टाक. त्यालाही तिने सांगितलेलं नव्हतं. तिने लॅपटॉपचं झाकण हळूच खाली केलं.

मी तिथे बसून होतो. माफी मागावी असं डोक्यात होतं, पण कशाची मागायची तेच पुरतं कळलं नव्हतं, आणि अर्धवट मागितली तर तीही मेलसारखीच होईल असं वाटलं. आम्ही उठलो. तिने मला निघताना “या” म्हटलं. घरी आलेल्या कुठल्याही माणसाला म्हणावं तसं.

६

परत येताना अरुणाताई रस्त्यातल्या छोट्या बागेत बाकावर बसल्या. मला म्हणाल्या, तिने सांगितलं नाही ते बरंच झालं, सांगायची गरज नव्हती.

“फोटो कुठून काढलाय? विभा वाकली आहे, तरी भिंग तिच्याकडे खालून वर बघतंय. काढणारा जमिनीवर बसलेला होता. बरं, स्वप्नाच्या हातावर काय आहे?”

गुलाबी कपडा, मी म्हणालो.

“फेटा आहे तो. बांधायला घेऊन आलीये. ज्याला बांधायचा, त्याच्याकडे बघत येतेय. त्या दिवशी फेटा किती जणांनी बांधला होता?”

एकानेच बांधला होता.

मला आधी फक्त विभाचं हसू आठवलं, आणि ते मला का परकं वाटलं होतं ते कळलं. ते बापाकडे बघून हसलेलं होतं.

अरुणाताई पुढे बोलत राहिल्या, आणि मला त्यांनी थांबावं असं वाटत होतं. बाबांनी फोटो काढला, उठताना किंवा कॅमेरा देताना तो हातून सुटला. पण बाबांना फोटो पुसता येईल का? माझ्या कॅमेऱ्याची भाषा मी सरावासाठी जपानीच ठेवली होती. पुसायचं म्हटलं तर पडद्यावर दोनदा विचारतो, आणि आपण काही केलं नाही तर ‘नको’ वरच थांबतो. स्वप्नाला अजून स्टेशनांची नावंसुद्धा धड वाचता येत नव्हती.

“त्या खोलीत तिघं होती, सारंग,” त्या म्हणाल्या. “जपानी वाचणारं कोण होतं?”

विभा एका जपानी कंपनीत भाषांतराचं काम करायची.

७

घरी आलो तेव्हा विभा ओट्यापाशी उभी होती. मी काही बोलायच्या आत माझ्या हातातला लॅपटॉप आणि मागे अरुणाताई बघून तिने गॅस बंद केला.

“मी सांगणारच होते,” ती म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, “नाही. सांगणार नव्हते.”

तिने जे सांगितलं ते असं. मी स्टेशनवर गेल्यावर बाबा हॉलमध्ये आले होते. टेबलावरचा कॅमेरा त्यांनी उचलून आत आणला. एसटीत असताना त्यांच्याकडे एक जुना रोलचा कॅमेरा होता, सासूबाईंचे आणि विभाचे सगळे फोटो त्यांनीच काढलेले. पैठणीतली मुलगी बघून त्यांना एक फोटो काढावासा वाटला. काढला. कॅमेरा तिच्या हातात देताना पट्टा त्यांच्या शालीत अडकला आणि तो खाली पडला. तातामीवर, फारसा आवाजही नाही. बाबा घाबरले. ते घाबरलेले विभाने जन्मात पाहिले नव्हते. सारंगरावांना सांगू नकोस, असं त्यांनी तिला तीनदा सांगितलं. तिने कॅमेरा चालू करून पाहिला, सगळं ठीक होतं. पडद्यावर तिचा फोटो होता. हा कुणी काढला असं मी विचारेन, म्हणून तिने तो पुसला. स्वप्नाने कॅमेरा उचलून टेबलावर नेऊन ठेवला आणि म्हणाली, काका, काही झालेलं नाहीये, या, फेटा बांधू.

“संध्याकाळी तू सांगितलंस तोवर मेल गेली होती,” विभा म्हणाली. “मग मी रोज उद्यावर टाकत गेले. स्वप्नाला फोन केला. ती म्हणाली, काका जाईपर्यंत राहू दे. आणि मी राहू दिलं, सारंग. माझ्या बापाच्या जागी मी माझ्या मैत्रिणीला उभं केलं.”

बाबा इतके का घाबरले, असं अरुणाताईंनी विचारलं. विभा माझ्याकडे बघत राहिली. मग मलाच सांगावं लागलं. बाबा आले त्याच आठवड्यात घरी पाहुणे असताना त्यांनी कॅमेरा हातात घेऊन पाहिला होता. मी सगळ्यांसमोर तो त्यांच्या हातून काढून घेतला होता आणि म्हणालो होतो, “बाबा, ही तुमच्या एसटीची घंटी नाही.” पाहुणे हसले होते. बाबाही हसले होते. मी ते त्याच दिवशी विसरलो होतो.

मागे आवाज झाला. बाबा खोलीच्या दारात उभे होते. किती वेळ उभे होते माहीत नाही.

“मेल म्हणजे काय लिहिलंय, सारंगराव?” त्यांनी विचारलं. “मला वाचून दाखवा.”

मी म्हटलं, राहू द्या बाबा. ते खुर्चीत बसले आणि थांबले. एसटीची वाट बघणाऱ्या माणसांना रोज सामोरे गेलेले बाबा, त्यांना थांबता येत होतं. मी लॅपटॉप उघडला आणि माझी मेल माझ्या सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवली. ‘ज्यांना नाजूक वस्तू हाताळायची सवय नाही त्यांनी कृपया तिला हात लावू नये.’ ‘काही नव्या मंडळींच्या हौसेपायी एका वडीलधाऱ्या माणसाचा सोहळा वाया गेला.’ मी दोनदा थांबलो. बाबांनी खूण केली, पुढे.

संपल्यावर ते म्हणाले, “डेपोत एकाच्या चुकीचा मेमो दुसऱ्याच्या नावाने गेला, तर तो फाडून नवा काढायचो आम्ही. नोटीसबोर्डावरच लावायचो, पहिला जिथे लावला होता तिथेच.” मग, “पोरीला माझा मेमो मिळाला, आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नाही.” हे ते विभाला म्हणाले. विभा तोंडावर पदर धरून उभी राहिली.

मी म्हणालो की चूक माझी होती असं लिहितो, तुमचं नाव यायची गरज नाही.

“तुमची तुम्ही लिहा,” बाबा म्हणाले. “माझी मला लिहू द्या.”

८

त्यांनी सांगितलेलं मी टाइप केलं. चार ओळी होत्या. कॅमेरा माझ्या हातून पडला, मी जावयाला भिऊन बोललो नाही, स्वप्नाने माझ्यासाठी बोल सोसले, मी तिची माफी मागतो. खाली पूर्ण नाव. ‘भिऊन’ हा शब्द टाइप करताना माझी बोटं थांबली. ते माझ्या खांद्यावरून बघत होते. मी तो लिहिला. त्याखाली माझं लिहिलं, त्यात एसटीच्या घंटीचंही वाक्य घातलं. विभाने तिच्या दोन ओळी स्वतः लिहिल्या.

मेल पाठवायच्या आधी बाबा म्हणाले, आधी तिच्याकडे जाऊ. कागदावरची माफी नंतर.

स्वप्नाने दार उघडलं तेव्हा बाबा सर्वांत पुढे होते. ते हात जोडायला लागले तशी तिने त्यांचे हात धरले आणि आत नेऊन बसवलं. तिला रडू आलं ते तेव्हा. विभा तिच्याजवळ गेली, ती सरकली नाही, पण तिने विभाच्या खांद्यावर डोकंही ठेवलं नाही. दोघी तशाच शेजारी शेजारी बसून राहिल्या.

मी जे बोललो ते पूर्ण बोललो, देवदत्तसमोर. स्वप्नाने ऐकून घेतलं.

“तुम्ही मला विचारलं नाहीत,” ती म्हणाली. “मला त्याचंच वाईट वाटलं. एक फोन करून विचारायचं.”

“विचारलं असतं तर सांगितलं असतंत?”

“नाही. काकांचा दिवस होता तो.” मग ती म्हणाली, “पण तरी विचारायला हवं होतं.”

मेल गेली. रात्रीपर्यंत बावीस उत्तरं आली. होतं असं, मनाला लावून घेऊ नकोस, अशी. ज्यांनी पहिल्या मेलला ‘अगदी बरोबर’ म्हणून उत्तर दिलं होतं त्यांचीही होती. विलासने फक्त स्वप्नाला लिहिलं, असं मला नंतर कळलं.

मंगळवारी बाबा गेले. नारिता विमानतळाकडे निघायच्या आधी मी त्यांना म्हटलं, पुन्हा फेटा बांधू, फोटो काढू. ते म्हणाले, नको, झाला तो दिवस झाला. कॅमेरा आठवड्याने दुरुस्त होऊन आला. अरुणाताईंनी त्यावर लावलेली चिठ्ठी छापील नमुन्याची होती: आघातामुळे आतला आरसा सरकला, जागेवर बसवला. पैसे त्यांनी नियमाप्रमाणे घेतले.

स्वप्ना नाशिकला गेली आणि महिन्याने परतली. जानेवारीत देवदत्तची ओसाकाला बदली झाली. मागून घेतली की झाली, मी विचारलं नाही. जायच्या आधी दोघं भेटायला आली, चहा घेतला, खोकी बांधायला मदत हवी का असं मी म्हटलं तर देवदत्त म्हणाला, झाली सगळी.

बाबांना आता ऐकायला कमी येतं. दिवाळीला आणि त्यांच्या वाढदिवसाला ओसाकाहून त्यांना फोन येतो. स्वप्नाला मुलगी झाली, तिने तिथे फोटो स्टुडिओत काम धरलं, हे सगळं मला त्यांच्याकडूनच कळत आलं आहे. ते सांगतात आणि मी ऐकतो. तिला माझा नमस्कार सांगा, असं मी दर वेळी म्हणायचं ठरवतो. गेल्या दिवाळीत पहिल्यांदा म्हणालो.

“बरं,” बाबा म्हणाले. “विचारून बघतो, सांगू का म्हणून.”